वजनाचा नेहमीचा सल्ला या रुग्णांना जसाच्या तसा लागू नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लठ्ठपणा आणि मधुमेह या विषयांवरील लेख आपल्या दैनिकात नेहमी येतात आणि ते उपयुक्तही असतात. परंतु त्यांतला सल्ला सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाने तसाच्या तसा आचरणात आणला, तर अपाय होऊ शकतो, हे सांगण्यासाठी हे पत्र.

या आनुवंशिक आजारात शरीरातील स्राव घट्ट होतात, फुप्फुसांत संसर्ग वारंवार होतो आणि बहुतेक रुग्णांच्या स्वादुपिंडातून पाचकरस आतड्यात पोहोचतच नाहीत. खाल्लेले अंगी लागत नसल्यामुळे आणि वजन घटले की फुप्फुसेही खालावत असल्यामुळे भरपूर उष्मांकांचा, भरपूर स्निग्धांशाचा आहार हा कित्येक दशके उपचाराचाच भाग होता. आहारतज्ज्ञ म्हणून मीही ‘आणखी खा’ असेच सांगत आले. २०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांच्या संयुक्त गोळीला मान्यता मिळाली आणि ती ज्यांना लागू पडली त्यांच्यापैकी अनेकांची वजने वाढू लागली. काही जण आता लठ्ठ आहेत. त्यांना ‘खाण्यावर ताबा नाही’ असे कोणी म्हणू लागले की मला फार वाईट वाटते, कारण ते खाणे आम्हीच औषधासारखे लिहून दिले होते.

मधुमेहाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. प्रौढ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना तो होतो. स्वादुपिंडाची हळूहळू हानी होऊन इन्सुलिन कमी पडणे हे त्याचे मूळ कारण असल्याने तो पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारात नीट बसत नाही. इन्सुलिन स्नायूंच्या जडणघडणीलाही लागते. म्हणून निदान होण्याच्या बऱ्याच आधीपासून वजन आणि श्वसनक्षमता घसरू लागलेली असू शकते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, सामान्य आली तरी येथे निश्चिंत राहता येत नाही. वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज टॉलरन्स चाचणी (ग्लुकोजचे पाणी पाजून नंतर रक्तातील साखर मोजणे) करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि प्रस्थापित उपचार इन्सुलिनचाच आहे. अशा कृश रुग्णाला केवळ साखर वाढली म्हणून उपाशी ठेवणे किंवा त्याचा स्निग्धांश तोडणे ही घातक चूक आहे.

मग वजन खरोखरच जास्त असेल तर? लठ्ठपणामुळे इन्सुलिनला होणारा प्रतिरोध मूळच्या कमतरतेत भर घालतो, त्यामुळे दुर्लक्षही चालणार नाही. गोड पेये आणि वरून घातलेली साखर आधी कमी करावी, प्रथिने टिकवावीत, स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा आणि वजन सावकाश उतरवताना श्वसनक्षमता मोजत राहावे. आहारातील स्निग्धांश बदलला की पचनासाठी जेवणासोबत घ्याव्या लागणाऱ्या पाचक विकरांची (एन्झाइम्सची) मात्राही पुन्हा ठरवावी लागते. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबाबत मी विशेष सावध आहे. ती जठर रिकामे होण्याची गती मंदावतात, बद्धकोष्ठता वाढवू शकतात, आणि या रुग्णांच्या आतड्यात अडथळा होण्याची भीती मुळातच असते.

संयुक्त गोळी सर्वच जनुकीय बदलांवर चालत नाही, त्यामुळे वजन न वाढणारे रुग्णही आहेतच. एकाच प्रतीक्षागृहात शेजारी बसलेल्या दोघांना अगदी उलट आहार लागू शकतो. फुप्फुसतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून प्रत्येकाचा आहार ठरवावा आणि रुग्णाने तीन जणांकडून तीन निरनिराळे सल्ले घेऊन घरी जाऊ नये, एवढी व्यवस्था तरी प्रत्येक उपचार केंद्राने करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक आहारतज्ज्ञ