आमच्या रोबोला भूक लागलीय

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय नंद्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, शिव्या घालत असशील. पण सध्या एका रोबोने माझा जीव खाल्लाय. आमच्या नव्या एकांकिकेत तो आहे आणि त्याचा आवाज माझ्या गळ्यात पडलाय.

आधी आळस केला. नेटवरचे फुकटचे 'बीप-बूप' उतरवून ऐकवले. दिग्दर्शिका म्हणाली, "रोबो आलाय की मायक्रोवेव्हमधला भात गरम झालाय?" सगळं पुसून टाकलं.

मग भाच्याची स्लिंकी, म्हणजे ते स्प्रिंगचं खेळणं, हाती लागली. एक टोक कागदी कपाच्या बुडाला चिकटवलं, कपात माईक धरला आणि लोंबत्या वेटोळ्यांवर चमचा मारला. प्यूऽऽव! घरात लेझर बंदूक! तारेतून वरच्या पट्टीचे सूर खालच्या पट्टीच्या सुरांपेक्षा जोरात पळतात, म्हणून एकच ठोका पसरून कानावर येतो, आधी तीक्ष्ण, मागाहून घुमणारा. 1977च्या 'स्टार वॉर्स' सिनेमासाठी त्याचे आवाज घडवणाऱ्या बेन बर्टने हेच केलं, फक्त त्याची स्लिंकी म्हणजे रेडिओ टॉवरला ताणून धरणारी तार होती आणि चमच्याच्या जागी हातोडी. त्याच्या लाइटसेबरचा, म्हणजे त्या प्रकाशाच्या तलवारीचा आवाज तर प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि वर फाटक्या वायरच्या माईकने पकडलेली टीव्हीची गुणगुण. आपण असली वायर कचऱ्यात टाकतो रे!

खरी अडचण बोलण्याची होती. बीबीसीवरच्या 'डॉक्टर हू' मालिकेतल्या डालेक नावाच्या यांत्रिक खलनायकांचा आवाज 1963 साली नटाच्या आवाजाला साधारण 30 हर्ट्झच्या सुराने गुणून केला होता. मीही तसं केलं. शब्द करवतीने कापल्यासारखे खरखरीत झाले. मस्त, पण आमचा रोबो एका एकट्या आजोबांच्या घरी चहा करतो. त्या आवाजाने आजोबांचा चहा सांडला असता.

पुन्हा बर्टच आठवला. 'स्टार वॉर्स'मधल्या आर-टू-डी-टू या छोट्या रोबोसाठी नुसता सिंथेसायझर त्याला निर्जीव वाटला, म्हणून त्याने स्वतःच्या तोंडचे लहान मुलासारखे आवाज त्यात मिसळले. मग मी स्ट्रॉ तोंडात धरून रात्री दोनला "उंऽ? ऊं-ऊं" करत बसलो. शब्द एकही नाही. पट्टी चढवली. खाली बॅटरीवरच्या स्क्रू ड्रायव्हरची कुरकुर घातली. ती कुरकुर पकडायला तपकीर गल्लीतून आणलेली पिझोची, म्हणजे कंप टिपणारी, चकती थेट स्क्रू ड्रायव्हरच्या अंगाला चिकटवली होती. हवेतून ऐकलं तर खेळणं वाटतं, अंगातून ऐकलं की यंत्राचे सांधे ऐकू येतात.

दिग्दर्शिकेने डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "याला भूक लागलीय का?"

आता फक्त यानाचं दार उरलंय. तुमच्या इमारतीतल्या लिफ्टचं ते जाळीचं दार मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठव. सावकाश ओढ, वेग मी निम्मा करीन. आणि कृपा करून त्या वेळी शीळ घालू नकोस.

तुझा,
बाळ्या