शनिवारच्या कार्यशाळेआधी लॅपटॉपचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारी व्यवस्था) तपासून या

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी सकाळी 11 ला संगणक कक्षात सराव आहे. ज्यांच्या विंडोज लॅपटॉपवर व्हीपीएन (दुसऱ्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी), व्हर्च्युअलबॉक्स किंवा हायपर-व्ही (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारी सॉफ्टवेअर) आहे, त्यांनी शुक्रवारपर्यंत हे करावे.

आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग 1.1.1.1' द्या, मग एखाद्या साइटचे नाव पिंग करा. आकडा चालला आणि नाव अडले, तर गडबड डीएनएसची. 'एनएसलुकअप' दिल्यावर पहिल्या ओळीत वायफायऐवजी आभासी जोडणीचा (वरच्या सॉफ्टवेअरने तयार केलेल्या जोडणीचा) सर्व्हर दिसला, तर विंडोज चुकीच्या दारी विचारत आहे.

• व्हीपीएन नीट डिस्कनेक्ट करा. मध्येच तुटले, तर त्याचा डीएनएस कधीकधी मागे राहतो.
• जोडणीच्या प्रॉपर्टीजमधील आयपीव्ही4 च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'ऑटोमॅटिक मेट्रिक'ची खूण काढा. वायफायला 10, व्हर्च्युअलबॉक्सच्या होस्ट-ओन्ली (फक्त लॅपटॉप आणि आभासी संगणक यांच्यातल्या) जोडणीला 50 द्या. लहान आकड्याला प्राधान्य मिळते.
• शेवटी 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' द्या, म्हणजे साठवलेल्या जुन्या डीएनएस नोंदी पुसल्या जातील.

हायपर-व्हीचा एक्स्टर्नल स्विच (आभासी संगणकाला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा) असेल, तर 'व्हीइथरनेट' ही त्याची जोडणी कृपया बंद करू नका. लॅपटॉपचा स्वतःचा आयपी तिथेच असतो, नेटच जाईल. ऑफिसच्या व्हीपीएनवर 8.8.8.8 (गूगलचा डीएनएस) ही टाकू नका, आतल्या सर्व्हरची नावे सापडणार नाहीत.

अडल्यास 'आयपीकॉन्फिग /ऑल'चा स्क्रीनशॉट याच ग्रुपवर टाका.