कुंभारवाड्याच्या भट्ट्यांचे काय?

धारावीच्या पुनर्विकासात चर्चा होते ती घरांच्या चौरस फुटांची. कुंभारवाड्यातल्या भट्ट्यांबद्दल फारसे कुणी बोलत नाही. सौराष्ट्रातून येऊन इथे वसलेल्या या कुंभारांचे घर हाच त्यांचा कारखाना. पुढे चाक, मागे संसार, घरांच्या रांगांमध्ये सामाईक भट्टी आणि दारात वाळत घातलेल्या पणत्या. हे सगळे सातव्या मजल्यावर कसे मांडणार? धारावी पाहायला येणारे परदेशी पर्यटकही इथे हमखास थांबतात. चिंध्या जाळल्याने होणाऱ्या धुराचा त्रास खरा आहे, त्यासाठी गॅसच्या भट्ट्या द्याव्यात. पण तळमजला, अंगण आणि विक्रीची जागा आराखड्यातच हवी. तो अंतिम करण्याआधी अधिकाऱ्यांनी दिवाळीच्या तोंडावर इथे एक चक्कर जरूर मारावी.

– एक वाचक, शीव, मुंबई