विषय: घर सोडल्यानंतर अडवून ठेवलेल्या 90,000 रुपयांच्या डिपॉझिटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख आणि कंपनीचं व्यवस्थापन

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरशी बोलून फोन ठेवला. माझं तिकीट 'रिझॉल्व्ह' होऊन बंद झालंय, नवीन तिकीट रेज करा, असं मला सांगण्यात आलं. काय रिझॉल्व्ह झालं, विचारल्यावर उत्तर नाही. पैसे आले का, तर नाही. वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं तर लाइन होल्डवर गेली आणि कट झाली. पाठोपाठ आमच्या सेवेला किती स्टार द्याल, असा तुमचा मेसेज आला. म्हणून हे लेखी.

तुमच्या कंपनीमार्फत भाड्याने घेतलेला बाणेरचा फ्लॅट आम्ही सोडला तो आईसाठी. लिफ्ट सारखी बंद पडायची आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला तिसऱ्या मजल्यावरून चढ-उतार करणं शक्य नव्हतं. करारात लिहिल्याप्रमाणे पूर्ण महिन्याची नोटीस दिली. शेवटचं भाडं, वीजबिल, पाइप गॅसचं बिल, सगळं चुकतं केलं. चाव्या तुमच्या माणसाच्या हातात दिल्या आणि त्याने ॲपवर ताबा मिळाल्याची नोंद केली. कराराप्रमाणे त्यानंतर 7 कामकाजाच्या दिवसांत डिपॉझिट परत मिळायला हवं होतं. ते दिवस कधीच उलटून गेले.

पैशांऐवजी ॲपवर कपातीचा तक्ता आला. संपूर्ण फ्लॅटचं पेंटिंग 22,000. डीप क्लिनिंग 6,500. बाथरूमच्या टाइल्सचं नुकसान 4,800. म्हणजे 33,300 कापून माझ्या हातात 56,700. आणि त्याखाली एकच बटण: 'मान्य'. अमान्य करायची सोयच नाही. ते बटण दाबल्याशिवाय उरलेले 56,700 सुद्धा सुटत नाहीत. हे पैसे माझे आहेत हे तुमच्याच तक्त्यात लिहिलंय, त्यावर वादही नाही, मग ते कोणत्या अधिकारात अडवलेत? माणसाला पैशांची गरज आहे, नव्या घराचं डिपॉझिट भरून तो मोकळा झालाय, कंटाळून कधीतरी बटण दाबेल, हा हिशोब त्यामागे आहे. याला सेवा म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात.

आता पेंटिंग. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारात 'नैसर्गिक झीज वगळता' असे शब्द आहेत. तो करार तुमच्याच लीगल टीमने बनवलाय, मी नाही. टीव्हीमागे भिंतीचा रंग वेगळा दिसणं, स्विचबोर्डभोवती हाताचे डाग पडणं, ही झीज नाही तर काय? केंद्र सरकारने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात भिंतींची रंगसफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग ही घरमालकाची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. घराचा ताबा परत घेण्याच्या दिवशीच देणी वजा करून डिपॉझिट परत करावं, असंही त्यात आहे. तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक नाही, हे मला माहीत आहे. पण रीत काय असावी हे त्यावरून कळतं. बरं, रंग लावलात का? त्याच फ्लॅटची जाहिरात तुमच्या ॲपवर आहे. हॉलच्या फोटोत आमच्या टीव्हीच्या जागचा फिकट चौकोन जसाच्या तसा दिसतोय. न लावलेल्या रंगाचे 22,000 रुपये तुम्ही माझ्याकडून घेताय. लावला असेल तर जीएसटी नंबरचं पक्कं बिल पाठवा. मी ते आधीही मागितलं, तेव्हा 'ते इंटर्नल असतं सर' हे उत्तर मिळालं.

टाइल्सचं नुकसान म्हणजे कमोडशेजारी आईला धरून उठता यावं म्हणून बसवलेल्या स्टीलच्या दांडीची चार भोकं. ती दांडी बसवण्याआधी मी तुम्हाला ईमेल केला होता आणि 'मालकांची हरकत नाही' असं उत्तर तुमच्याच विभागाकडून आलंय. घर सोडताना मी दांडी काढायला प्लंबर आणला, तर तुमचा माणूस म्हणाला, काढू नका, टाइल तडकेल, राहू दे. म्हणून राहू दिली. आता त्याच जाहिरातीत बाथरूमचा फोटो आहे, मधोमध आमची दांडी आहे आणि खाली लिहिलंय, 'ज्येष्ठ नागरिकांसाठी सोयीचं बाथरूम'. मालाची किंमत मी दिली, मजुरी मी दिली. पुढच्या भाडेकरूला ती सोय म्हणून दाखवताय आणि माझ्याकडून नुकसान म्हणून 4,800 कापताय. हे तक्ते कोणी तपासतं की नाही?

आणि डीप क्लिनिंग. हे सविस्तर लिहितो, कारण हे मी विसरणार नाही.

तक्ता आल्यावर तुमच्या सेटलमेंट विभागातून फोन आला. मी सामान लावत होतो म्हणून फोन स्पीकरवर टाकला. आई समोरच खुर्चीत वाती वळत बसली होती. घर आम्ही स्वच्छ करून दिलंय, ओटा, खिडक्या, पंखेसुद्धा पुसून, मग 6,500 कशाचे, असं मी विचारलं.

"सर, तुमच्या केसमध्ये डीप क्लिनिंग कम्पल्सरी आहे."

"माझ्या केसमध्ये म्हणजे?"

"घरात पेशंट होता ना तुमच्या?"

"पेशंट नाही, माझी आई होती. 78 वर्षांची आहे."

"तेच सर. असं कोणी असलं की बेडरूमला, बाथरूमला वास बसतो. नेक्स्ट टेनंट कंप्लेंट करतो."

"तुमचा माणूस पाहणीला आला होता. वास येतो असं त्याने लिहिलंय का?"

"तसं लिहिलेलं नाही सर, पण जनरली असतोच."

मी फोन हातात घेऊन स्पीकर बंद करेपर्यंत आईने सगळं ऐकलं होतं. तिचा हात थांबला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "माझ्यामुळे कापले का रे पैसे?" वॉकर धरून चालायची तेव्हाही आंघोळ झाली की बाथरूमवर पाणी मारून, वायपर फिरवल्याशिवाय बाहेर न येणारी बाई आहे ती. कितीही सांगा, ऐकायची नाही. तिला तुमच्या माणसाने, तिला न बघता, पाहणी अहवालात एक शब्द नसताना, वास येणारी ठरवलं. आणि त्याचे 6,500 लावले. 'जनरली'! जनरली असतं म्हणून कोणाच्याही आईबद्दल काहीही बोलायचं? त्या संभाषणाचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे. कॉल रेकॉर्ड होतोय हे तुमची टेपच आधी सांगते. ते काढा आणि वरच्या पदावर बसणाऱ्या माणसांनी पूर्ण ऐका.

यावर मी ईमेल केला तर 'झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' असं छापील उत्तर आलं. गैरसोय नाही झाली. अपमान झालाय.

डिपॉझिट म्हणजे तुमचं उत्पन्न नव्हे, हे तुमच्या हिशोब विभागाला एकदा सांगा. लिव्ह अँड लायसन्सची स्टॅम्प ड्यूटी काढताना महाराष्ट्रात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरलं जातं आणि ते भाड्यात मिळवून एकूण रकमेवर 0.25 टक्के ड्यूटी लागते. माझ्या 90,000 वर वर्षाचे 9,000 रुपये असे धरून ड्यूटी मी भरली आहे. म्हणजे ही रक्कम परत करायची आहे, आणि ती तुमच्याकडे असताना तिला व्याजाची किंमत आहे, हे दोन्ही त्या दस्तात गृहीत धरलेलं आहे. तुम्ही त्यावर व्याज तर दिलं नाहीच, वर मुद्दलही अडवून बसलात. आणि पुन्हा सांगतो, 56,700 तर तुमच्याच तक्त्याप्रमाणे माझे आहेत.

घरमालकाशी थेट व्यवहार टाळून मी तुमच्याकडे आलो, कारण तुमच्या जाहिरातीत 'डिपॉझिटची कटकट नाही' असं लिहिलं होतं. परदेशातल्या मालकाच्या मागे लागावं लागू नये म्हणून दरमहा सेवा शुल्क मोजलं. ऑफिसात दोघांना तुमचं नाव मीच सुचवलं. त्यांना आता काय सांगायचं ते मला ठरवावं लागेल.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत पूर्ण 90,000 रुपये माझ्या खात्यात जमा करा. एखादी कपात खरी वाटत असेल तर तिचं पक्कं बिल, कामाआधीचा आणि नंतरचा फोटो, आणि राहायला आलो त्या दिवशी तुमच्याच माणसाने ॲपवर काढलेला व्हिडिओ, हे तिन्ही पाठवा. तो व्हिडिओ मला आता ॲपवर दिसत नाही, माझं लॉगिन मर्यादित केलंय. माझ्याकडे त्याची प्रत आहे, हे मात्र लक्षात असू द्या.

नाहीतर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मी राहतो तिथेच तक्रार करता येते, तुमचं मुख्य कार्यालय कुठल्या शहरात आहे याने फरक पडत नाही. वकील लावला नाही तरी चालतं, आणि मी स्वतः उभा राहीन. तिथे मूळ रकमेसोबत व्याज, मनस्तापाची भरपाई आणि खर्चही मागेन.

6,500 ची नोंद कारणासह रद्द केल्याचं वेगळं लेखी पत्र हवं आहे, आणि ते माझ्या आईच्या नावाने हवं आहे. मराठीत, छापील मजकूर नको, खाली जबाबदार अधिकाऱ्याची सही हवी.

यापुढे फोन करू नका. जे काही असेल ते लेखी.

आपल्या बाणेर येथील फ्लॅटचा माजी भाडेकरू
(सही)

सोबत: नोंदणीकृत कराराची प्रत, ताबा दिल्याची ॲपवरील नोंद, दांडीच्या परवानगीचा ईमेल, कपातीचा तक्ता, सध्याच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट