जलपर्णी काढा, पण तिचं खाणंही तोडा : बेळगावच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, बेळगाव जिल्हा यांस,
स. न. वि. वि.

साहेब, पत्र मराठीत लिहितोय. कन्नड प्रत वेगळी जोडली आहे, म्हणजे भाषेच्या नावाखाली ते फायलीत दबायला नको. विषय बळ्ळारी नाल्याचा आहे.

शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात पावसाच्या तोंडावर कोरड्या मातीतच धूळवाफ पेरणी होते. जुलैत जोर वाढला की नाला पात्र सोडतो आणि उगवून आलेलं भात पाण्याखाली जातं. एक-दोन दिवस भात सोसतं. आठवडा पाणी तुंबलं की शेंडा पिवळा पडतो, बुडाला हात लावला तर रोप न ओढताच सुटून येतं आणि कुजका वास बोटांना चिकटून राहतो. मग दुबार पेरणी, नाहीतर विकतचं रोप आणून लावणी. बेळगाव बासमतीचं नाव भाषणात सगळे घेतात. तो ज्या मातीत पिकायचा, ती ही माती.

पाणी तुंबण्याची कारणं तुमचे अधिकारी सांगतीलच : गाळ, अतिक्रमणं, अरुंद मोऱ्या. मला त्यातल्या एकाबद्दलच बोलायचं आहे. उन्हाळ्यात नाल्याच्या काठावर उभं राहा, बऱ्याच ठिकाणी पाणी दिसतच नाही. फुगीर देठांची हिरवीगार जलपर्णी, वर जांभळट फुलं. लांबून कुणाला बाग वाटावी. एक झाड उपटून बघा. खाली काळ्या मुळांचा झुपका आणि त्यात अडकलेला गाळ, प्लास्टिक, काय वाटेल ते. अशी हजारो झाडं पुलाखाली एकात एक गुंतून बसली की पावसाचं पाणी जाणार कुठून?

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. खाणं भरपूर मिळालं तर दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते. तिच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणजे ट्रॉली भरून नेतो तेव्हा आपण बहुतेक पाणीच वाहत असतो. बी गाळात पडलं की १५ वर्षांनीही उगवू शकतं. आणि तिचं खाणं म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस, दोन्ही शहराच्या सांडपाण्यातून फुकट येतं : मैला, मूत्र, कपड्यांची पावडर. आमच्या शेतातला युरियाही त्यात मिसळतो, ते नाकारत नाही. पण भर उन्हाळ्यात, शेतं कोरडी पडलेली असताना नाला हिरवा असतो तो युरियावर नव्हे.

याबाबतीत ओडिशाचं चिलिका सरोवर बघण्यासारखं आहे. समुद्रालगतच्या अशा खाजणी सरोवरात तळाशी मूळ धरून वाढणारं सागरी गवत असतं. ते गाळ धरून ठेवतं, माशांच्या पिल्लांना आसरा देतं. पण पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस वाढला की उल्वासारखी झपाट्यानं वाढणारी शैवालं वर पसरतात, खालच्या गवताचा उजेड तोडतात आणि शेवटी स्वतःही कुजून पाण्यातला प्राणवायू खातात. चिलिकात भर पडली गाळाची. समुद्राकडचं तोंड अरुंद झालं, खारटपणा घटला आणि गोड्या पाण्यातल्या तणांनी सरोवर व्यापलं. १९९३ मध्ये धोक्यातल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत त्याचं नाव गेलं. तिथल्या लोकांनी तण उपसत बसण्यापेक्षा तोंडाकडे लक्ष दिलं. सप्टेंबर २००० मध्ये समुद्राला नवं मुख उघडलं, खारं पाणी आत आलं, तण हटलं, सागरी गवत पुन्हा पसरलं, मासळी वाढली. २००२ मध्ये ते नाव त्या नोंदीतून निघालंही.

आपल्याकडे समुद्र नाही, साहेब. खाऱ्या पाण्यानं तण मारायची सोय बेळगावला नाही. म्हणून आपल्याला तिचं खाणं तोडण्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तिथेच गोम आहे. साध्या सांडपाणी प्रक्रियेत घाण आणि वास कमी होतो, पाणी नितळ दिसतं. पण नायट्रोजन-फॉस्फरस काढण्याची खास सोय नसेल तर ते बरंचसं तसंच पुढे जातं. हलग्याच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. तेव्हा तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ही दोन द्रव्यं किती आहेत, हे दर महिन्याला मोजून जाहीर करायला लावा. 'प्रक्रिया केलेलं पाणी' एवढ्या शब्दांवर आमचं समाधान होणार नाही.

कुणी तुम्हाला जलपर्णी खाणाऱ्या भुंग्यांचा उपाय सुचवेल. उपाय खोटा नाही. १९८० च्या दशकात बेंगळूरच्या तळ्यांत असे भुंगे सोडले होते आणि काही तळी मोकळी झालीही. पण त्यांना वेळ लागतो, आणि आमचा नाला दर पावसाळ्यात धुऊन निघतो. झाडांबरोबर भुंगेही वाहत मार्कंडेय नदीत, तिथून घटप्रभेत. साठलेल्या तळ्यांसाठी जरूर वापरा, नाल्यासाठी त्यावर विसंबू नका.

तोवर यंत्रानं काढणं चालू ठेवावंच लागेल. फक्त ते पेरणीच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये करा, मार्कंडेयाच्या संगमाकडून सुरुवात करून वर शहराकडे या. हल्ली उलटं होतं : मे संपता संपता जेसीबी येतो, जलपर्णी उपसून काठावरच ढीग घालतो, फोटो निघतात. पहिल्या मोठ्या पावसात तोच ढीग घसरून पुन्हा पाण्यात, नाहीतर आमच्या पेरलेल्या रानात. यंदाच्या निविदेत एक अट घाला : काढलेला माल काठापासून दूर, उंचावर नेऊन टाकल्याची शेतकऱ्यांच्या सहीची पावती जोडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघणार नाही. सही करायला आम्ही येऊ.

आपला,
शहापूर शिवारातील एक भातशेतकरी