बाबांची दाढ आणि आईची मशेरी

ती. आई-बाबांना सा. न.

दाढ काढूनच टाकतो, वय झालं की दात जायचेच, असं बाबा फोनवर म्हणाले. तुम्ही दोघंही हा विषय टाळता, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. सावकाश वाचा.

बाबा, नुसत्या वयाने दात पडत नाहीत. कीड लागते किंवा हिरड्या खराब होतात, म्हणून पडतात. गरम चहा लागला की कळ येते आणि रात्री आडवं झालं की ठणका वाढतो, असं तुम्ही सांगता. म्हणजे कीड बहुतेक दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेली आहे. मेडिकलमधून गोळ्या आणून ठणका दोन दिवस थांबेल, पण आतला संसर्ग तसाच राहतो. शिवाय तुमच्या बीपी-शुगरला त्या वेदनाशामक गोळ्या सारख्या घेणं किडनीला बरं नाही. रूट कॅनलमध्ये भूल देऊन ती सडलेली नस काढतात, मुळांतल्या बारीक नळ्या साफ करून भरतात आणि वर कॅप बसवतात. कॅपचे पैसे वाचवू नका. अशी दाढ ठिसूळ झालेली असते आणि तुम्ही रविवारी मटणाची नळी फोडल्याशिवाय राहणार नाही. एक्स-रे बघून डॉक्टर काढायलाच हवी म्हणाले तर काढूया, पण ते त्यांना ठरवू दे. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरच्या जबड्यातला दात त्या फटीत सरकतो, आणि मग भाकरी चावायलाही त्रास होतो.

तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं, त्याचा शुगरशी संबंध आहे. शुगर वाढलेली असली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो आणि हिरड्यांत संसर्ग असला की शुगर आटोक्यात यायला जड जाते. रक्त येतं म्हणून तुम्ही त्या बाजूला ब्रशच लावत नाही, तिथेच घाण साठते. मऊ ब्रश घ्या, हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे तिरका धरा आणि हलक्या हाताने छोटे गोल फिरवा. दात साफ करून घेतले की ढिले होतात, असं तुमच्या कट्ट्यावर कुणी सांगितलं असेल, तर ते मनातून काढा. दातांवर चढलेला दगडासारखा थर निघाला की मधली जागा मोकळी वाटते, एवढंच. दात ढिले होतात ते त्या थरामुळे सुजलेल्या हिरड्यांनी आणि झिजलेल्या हाडाने.

आता आई, तुझं. मला खरी काळजी तुझीच आहे.

दिवाळीत तू मागच्या दारी मशेरी लावत बसलीस, तेव्हा तुझा खालचा ओठ मी नीट पाहिला. मशेरी धरतेस त्याच जागी आतून पांढरट, सुरकुतलेला चट्टा आहे आणि तिथली हिरडी दातावरून खाली सरकली आहे. दुखत नाही, म्हणून तू सोडून दिलंस. पण असे चट्टे सुरुवातीला दुखत नाहीतच. मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच, आणि तोंडाच्या कॅन्सरचं मोठं कारण तंबाखूच आहे. तिच्याने दात बरे वाटतात, कारण जागा बधिर होते. प्रत्येक चट्टा कॅन्सरचा नसतो, पण तो काय आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल डाग, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असलं तरी दाखवायलाच हवं. आजीपासून चालत आलेली सवय एका दिवसात सुटणार नाही, हे मला कळतं. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो. मी शेजारी बसून लावून देते.

मशेरीच्या जागी फ्लोराइडची साधी टूथपेस्ट, सकाळी आणि रात्री जेवण झाल्यावर. रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. झोपेत लाळ कमी सुटते आणि कीड तेव्हाच जोर धरते. फेस थुंकून टाका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू दे. आणि ब्रश झाल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकायचा नाही, बाबा.

शनिवारी सकाळी मी येते. दवाखान्याची वेळ सकाळचीच घेतली आहे. बाबांनी नाश्ता आणि शुगरची गोळी चुकवायची नाही. रक्त पातळ करायची गोळीही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ठेवा, डॉक्टरांना दाखवू. त्यांनी आईला पुढे पाठवलं तर तिथूनच सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊ. आधी आईला आत पाठवायचं, दाढ नंतर.

तुमची लेक