सूचना : रविवारी ‘द नेम ऑफ द रोज’, फक्त पहिले तीन दिवस

सभासदहो,

उंबेर्तो इको यांच्या कादंबरीवर येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत चर्चा आहे. पुस्तक सात दिवसांत विभागलंय. या वेळी तिसऱ्या दिवसाच्या शेवटापर्यंत वाचून या.

काळ १३२७ चा नोव्हेंबर, जागा उत्तर इटलीतला मठ. प्रकरणांना प्रार्थनांच्या वेळांची नावं आहेत. त्यांचा खुलासा सुरुवातीच्या टिपेत आहे, तो कागदावर उतरवून पुस्तकातच ठेवा. ‘मॅटिन्स’ म्हणजे पहाटे अडीच-तीन हे ठाऊक नसेल, तर खुनाच्या रात्री कोण कुठे होतं याचा हिशेबच लागत नाही.

- पहिली शंभर पानं जड जातील. इकोंनी ती मुद्दाम तशी ठेवली होती. पोप आणि सम्राटाचं भांडण तिथेच उलगडतं, म्हणून गाळू नका.
- लॅटिन वाक्यांपाशी अडू नका, सरळ पुढे चला.
- १९८६ चा चित्रपट पाहिलेल्यांनी खुनी कोण ते सांगायचं नाही. (शेवट तसाही बदललाय.)
- वाचनालयाच्या दोनच प्रती आहेत. शुक्रवारपर्यंत परत करा, रांग आहे.